दत्तक: भारतातून की कोलंबियातून? मुलगी की मुलगा?

न्यू जर्सीतलं एक मराठी जोडपं या पेचात आहे. दोघं चाळिशी ओलांडलेली, ओसीआय कार्डधारक (म्हणजे परदेशी नागरिकत्व असलेले भारतीय वंशाचे). एजन्सीच्या पत्रकांतले हसरे फोटो बाजूला ठेवून बोलू.

मुलाचं वय: खरी कात्री इथेच आहे. 'कारा'च्या, म्हणजे भारतातल्या केंद्रीय दत्तक प्राधिकरणाच्या, 2022च्या नियमांप्रमाणे दोन वर्षांपर्यंतच्या बाळासाठी नवरा-बायकोच्या वयांची बेरीज 85च्या वर चालत नाही, दोन ते चारसाठी 90च्या. यांची बेरीज 88, म्हणजे तान्हं बाळ विसरायचं. कोलंबियात परदेशी कुटुंबांना बहुतेक सात वर्षांच्या आसपासची किंवा त्याहून मोठी, भावंडांची जोडी किंवा विशेष गरजा असलेली मुलंच मिळतात.

कागदपत्रं: दोन्ही देश हेग करारात, म्हणजे परदेशातून दत्तक घेण्याबाबतच्या आंतरराष्ट्रीय करारात, आहेत, त्यामुळे अमेरिकेच्या बाजूने फारसा फरक नाही.

मुक्काम, भाषा: कोलंबियात काही आठवडे राहावं लागतं, आणि सात वर्षांचं मूल स्पॅनिश बोलत घरी येतं. भारतात आजी-आजोबा हाताशी असतात. पण मूल तमिळ किंवा ओडिया बोलणारंही असू शकतं, हे लोक विसरतात!

मुलगी की मुलगा: भारतात पसंती नोंदवता येते. एकट्या पुरुषाला मात्र मुलगी दत्तक मिळत नाही. 'मुली शांत असतात' वगैरे ऐकीव गोष्टींवर पसंती ठरवू नये. अट घातली की जुळणारी मुलं कमी होतात, एवढं नक्की.

लहान मूल आणि भारताशी नातं हवं असेल, वाट बघायची तयारी असेल, तर भारत. मोठं मूल किंवा भाऊ-बहीण एकत्र चालणार असतील, स्पॅनिश शिकायची हौस असेल, तर कोलंबिया.