कार्बोरेटर ओव्हरफ्लो: नीडल की फ्लोट?

जुहूच्या हँगरमध्ये उभ्या सेसना १५२ या छोट्या विमानाचं इंजिन बंद असूनही एअरबॉक्सखाली (कार्बोरेटरला हवा पुरवणाऱ्या पेटीखाली) निळं एव्हगॅस (विमानाचं पेट्रोल) ठिबकत असेल, तर बहुतेकदा दोघांपैकी एकाचा प्रताप: नीडल-सीट (कार्बोरेटरमध्ये इंधनाची वाट उघडणारी-मिटणारी सुई आणि तिची बैठक) किंवा फ्लोट (इंधनावर तरंगून ती सुई हलवणारा भाग). माझा पहिला संशय नीडलवर. सीटवर कचऱ्याचा कण अडकला की गळती मध्येच सुरू, मध्येच बंद. बाउलवर (कार्बोरेटरच्या इंधनाच्या वाटीवर) हलकी टिचकी मारली तरी कधीकधी थांबते. पण ती दुरुस्ती नव्हे! सीट साफ करा, गाळणी बघा. झीज दिसली तर नीडल-सीट जोडीनेच बदला.

पितळी फ्लोटला चीर गेली की आत इंधन शिरतं, तो बुडतो आणि गळती थांबतच नाही. कानाशी हलवा, खळखळ ऐकू येते. सोल्डर करत बसू नका, वजन वाढतं, नवाच बसवा. तोवर फ्युएल व्हॉल्व्ह बंद, आणि विडीवाल्यांना लांब ठेवा.