बारा बोअर बंदूक सांभाळायला दिली त्या दुकानाचा रिव्ह्यू

आधीच सांगतो, दुकानाचं नाव टाकत नाहीये. दोन-तीन तक्रारी आहेत आणि मालक माणूस म्हणून चांगला आहे, उगाच बदनामी नको. घाटावरच्या शहरातलं जुनं बंदुकीचं दुकान आहे, ज्यांच्याकडे परवाना आहे त्यांना वाचता वाचता कळेलच. बाकीच्यांना तर असलं दुकान असतं हेच माहीत नसतं, माझ्या बायकोला पण लग्नानंतर कळलं.

मी सिंधुदुर्गातला. आंबा, काजू, खाली दोन कुणगे भाताचे. घरात एक सिंगल बॅरल, म्हणजे एकनळी, बारा बोअर, शेतीसंरक्षणाच्या परवान्यावर. आजोबांकडे ठासणीची होती (नळीच्या तोंडातून दारू ठासायची ती), बाबांनी ही घेतली आणि त्यांना सत्तर पूर्ण झाली तशी माझ्या नावावर करून घेतली, 2016 च्या शस्त्र परवान्याच्या नियमांत ती सोय आहे, परवानाधारक सत्तरचा झाला किंवा हत्यार पंचवीस वर्षं त्याच्याकडे असलं की वारसाला देता येतं. कागद भरपूर लागतात, मेडिकल, ट्रेनिंगचं सर्टिफिकेट, पोलीस रिपोर्ट, पण होतं.

तर दुकानात जायची वेळ का आली ते. 2024 ला लोकसभेची आचारसंहिता लागली 16 मार्चला आणि निकाल 4 जूनला. आता आंब्याचा सीझन कधी असतो ते मी सांगायला नको. बंदूक जमा करा अशी नोटीस, केली जमा पोलीस ठाण्यात, आणि मग अडीच-तीन महिने माकडं बागेत अशी बसायची जशी काय तीच सातबाऱ्यावर आहेत. फटाके लावले, डबे वाजवले, दोन दिवस घाबरली आणि तिसऱ्या दिवशी फटाका वाजल्यावर मान वळवून बघायला लागली. जूनमध्ये बंदूक परत मिळाली तेव्हा दस्त्याला सुतळीने करकचून बांधलेला नंबर, त्याचा वळ अजून आहे, आणि नळीला गंज. मुद्देमालाच्या खोलीत पंचवीस-तीस बंदुका एकमेकींना टेकवून उभ्या, वर पत्रा, त्यात जूनचा पहिला पाऊस. त्या हवालदारांचा तरी काय दोष, त्यांना काय बंदुकांना तेल लावायला ठेवलंय का.

आणि मग 15 ऑक्टोबरला विधानसभेची आचारसंहिता, म्हणजे ऐन भात कापणीला. शेजारचे आबा म्हणाले, "बंदुको पोलिसांत आणि डुकरां शेतात." तेव्हा ठरवलं की यावेळी दुकानात ठेवायची. आर्म्स ॲक्टमध्ये, म्हणजे शस्त्र कायद्यात, लायसन्सवाल्या डीलरकडे जमा करायची सोय आहे, पावती आणून ठाण्यात दाखवायची की झालं.

आता दुकान. खाली औषधांचं दुकान, बाजूने लाकडी जिना, वर लोखंडी जाळीचं दार. बेल वाजवली की आतून आधी आवाज येतो, "परवाना आणलाय?" नमस्कार वगैरे नंतर. आत तेलाचा आणि जुन्या लाकडाचा वास, भिंतीवर साखळीत ओवलेल्या बंदुका, प्रत्येकीच्या घोड्याजवळून साखळी गेलेली. काउंटरवर मालकांचा मुलगा. त्याने परवान्यावरचा यूआयएन नंबर (परवानाधारकाचा ओळख क्रमांक) तपासला, मुदत तपासली (2019 पासून तीनची पाच वर्षं झाली, तेवढं एक काम सरकारने बरं केलं), मग बंदूक बिजागरीतून उघडून नळी ट्यूबलाइटकडे धरली आणि मला म्हणाला, काका इकडे या, बघा. मी डोळा लावला तर आत आरशासारखं असायला हवं तिथे एका बाजूला बारीक बारीक खड्डे, देवीचे व्रण असतात तसे. "हा मुद्देमालाच्या खोलीचा गंज, रोज बघतो आम्ही." रागच आला खरं सांगायचं तर, पण त्याने शांतपणे तांब्याचा ब्रश, मग चिंधी, मग तेल असं माझ्यासमोर अर्धा तास केलं, आणि खड्डे जाणार नाहीत पण वाढणार पण नाहीत असं स्पष्ट सांगितलं. नवीन नळी गळ्यात मारायचा प्रयत्न केला नाही, त्याचा एक स्टार पूर्ण.

रजिस्टरमध्ये नंबर लिहिला, दस्त्यावरचा वळ, खालच्या टोकाचा टवका, सगळं लिहून घेतलं आणि माझी सही. भाडं महिन्याला दोनशे. सर्व्हिसिंगचे वेगळे. आमच्या दमट हवेत काडतुसं कशी ठेवायची ते पण सांगितलं, पूर्वीची कागदी नळीची फुगायची आणि चेंबरमध्ये, म्हणजे काडतूस बसतं तिथेच, अडकायची, बाबांना तो अनुभव आहे. मी शक्तिमान काडतुसंच घेतो, आपल्या खडकीच्या फॅक्टरीतली, बार बरोबर निघतो. प्रत्येक काडतूस परवान्यावर आणि त्यांच्या रजिस्टरला चढतं, किराणा दुकानासारखं चला दोन जास्त टाका असं चालत नाही.

खरी मजा बाकावर. तिथे एक लांबलचक बाक आहे, चहा येतो, आणि कायद्यावर वाद चालूच असतो. त्या दिवशी एक ऊसवाले बागायतदार होते, त्यांच्याकडे तीन बंदुका होत्या, एक आजोबांची. 2019 च्या दुरुस्तीने तीनच्या दोन केल्या, तिसरी वर्षभरात जमा करा. मूळ बिलात तर एकच ठेवणार होते, ओरड झाली म्हणून दोनवर आले. आजोबांची म्हणून वेगळी सूट नाही, वारशाची पण त्या दोनातच धरायची. ती बंदूक त्यांनी याच दुकानात ठेवली, विकायला, पण घेणार कोण, ज्याच्याकडे जागा आहे त्याला परवाना नाही आणि परवाना आहे त्याचा कोटा भरलेला. कोपऱ्यात अशा आठ-दहा उभ्या आहेत. ते येतात, आजोबांच्या बंदुकीवर हात फिरवतात, चहा पितात, जातात.

दुसरे एक रिटायर्ड सुभेदार, बँकेत गार्ड. त्यांचं म्हणणं की सगळ्यांच्याच काढून घ्या, लोकांना अक्कल नाही, वरातीत बार काढतात. त्यासाठी पण 2019 मध्येच दोन वर्षांपर्यंत शिक्षा किंवा लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही असं आलंय. बागायतदार म्हणाले, वरातीतला मूर्ख वेगळा आणि गावठी कट्टेवाला वेगळा, कट्टेवाला या जिन्यावर कधी चढतो का, मग दरवेळी मलाच का धरता. सुभेदार म्हणाले, कट्टा कुणाच्या कपाटातून चोरीला जात नाही, तुमची बंदूक जाऊ शकते. दोघांचंही पटलं मला, हीच तर पंचाईत.

माझा भाचा डॅलसला असतो. त्याने तिथल्या दुकानाचा व्हिडिओ पाठवला होता, एक फॉर्म भरायचा, एफबीआयची चेकिंग होते आणि नावावर काही नसलं तर तासाभरात बंदूक घेऊन बाहेर. टेक्सासमध्ये तर 2021 पासून बाहेर बाळगायला परमिट पण लागत नाही बहुतेकांना. तो व्हिडिओ मी बाकावर दाखवला, सगळे गप्प, मग मालक म्हणाले, "तिकडे माझा धंदा जोरात चालला असता, पण पोरांना शाळेत सोडताना झोप उडाली असती." मला तसलं काही नको. आमच्याकडेच रात्री डुकराला गेलेल्या टोळीत आपल्याच माणसाला गोळी लागल्याचं पेपरात येत असतं, परवानगीशिवाय शिकार आणि वर बिनपरवान्याची बंदूक. त्या बाबतीत कायदा आणखी कडक केला तरी माझी हरकत नाही.

पण हक्काची गोष्ट निघाली म्हणून सांगतो, आर्म्स ॲक्ट 1959 चं कलम 13 वाचा कधीतरी. त्यात खऱ्याखुऱ्या शेतीसंरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा परवाना "द्यावा" असं आहे, देता येईल असं नाही. ठासणीची पुरत नसेल तर बिनआट्याच्या, म्हणजे आतून गुळगुळीत नळीची दुसरी बंदूक देता येते, म्हणजे माझी बारा बोअर. इतका शेतकऱ्याचा विचार त्या काळात केलेला. बरं, बंदूक मिळाली, डुकराला मारायचं तर वनखात्याची परवानगी वेगळी, कारण वन्यजीव कायद्यात तो संरक्षित. म्हणून आम्ही बहुतेक वेळा आकाशात बार काढतो, माचाणावर बसून, थंडीत, एक बार आणि मग पहाटेपर्यंत शांतता. एवढ्यासाठीच ती बंदूक आहे, आणि नेमकी तेव्हाच ती शंभर किलोमीटरवर जाळीच्या आत.

आणि सरसकट जमा करा असं निवडणूक आयोग पण म्हणत नाही. गोव्यातल्या बंदूकवाल्यांच्या केसमध्ये मुंबई हायकोर्टाचा 2009 चा निकाल आहे, त्यानंतर जिल्ह्याजिल्ह्यात स्क्रीनिंग कमिटी बसवायची, कुणाची बंदूक घ्यायची आणि कुणाची नाही ते बघायचं, असं ठरलं. मालकांनी त्याची झेरॉक्स काउंटरखाली ठेवलीय, मागेल त्याला देतात, फुकट. मी ती घेऊन अर्ज दिला, ऑफिसात शिक्का मारून पोच मिळाली, उत्तर मिळालं नाही. तिकडे कर्नाटकातल्या कुर्गात कोडवा समाजाच्या लोकांना परवानाच लागत नाही, ती सूट कर्नाटक हायकोर्टाने 2021 ला योग्य ठरवली. आम्हाला सूट नको, निदान मार्च ते मे आमची बंदूक आमच्या कपाटात राहू द्या, नंबर तुमच्याकडे, काडतुसांचा हिशोब तुमच्याकडे, आणखी काय पाहिजे.

तक्रारी. पहिली, परत घ्यायला गेलो तेव्हा पोलीस ठाण्याचं पत्र लागतं हे फोनवर कुणी बोललं नाही. 23 नोव्हेंबरला निकाल लागला, आठवडा थांबून गेलो, घाट चढून, आणि हात हलवत परत. दुसरी, माझा चामड्याचा पट्टा बदलला, दुसऱ्याचा नायलॉनचा लावून दिला. रजिस्टरला टवका लिहिला पण पट्टा लिहिला नव्हता, त्यामुळे मलाच गप्प बसावं लागलं. तुम्ही गेलात तर पट्टा काढून घरी ठेवा. तिसरी, मुलगा पंप ॲक्शन (पुढची मूठ मागे-पुढे ओढून काडतूस भरायची बंदूक) खपवायच्या मागे असतो, तिरुचिरापल्लीच्या फॅक्टरीची, हातात देतो, खटक् खटक् करून दाखवतो. वस्तू चांगली आहे पण माकडाला कशाला लागते पंप ॲक्शन.

बंदूक मात्र लोण्यासारखी परत मिळाली, नळी चकचकीत, बिजागरीला तेल, ट्यूबलाइटकडे धरून खड्डे मोजले तर तेवढेच. दुकानाला चार स्टार, पाचवा पट्ट्यात गेला. पार्किंग नाही, स्टँडवरून चालत जा, आणि बंदूक कव्हरमध्ये न्या, मी पहिल्या वेळी गोणपाटात नेली तर रिक्षावाला थांबेना. दुपारी एक ते चार बंद. परवाना मूळ लागतो, मोबाइलमधला फोटो चालत नाही, माझ्यापुढच्या माणसाला त्यासाठी जिना दोनदा चढायला लावला.