जीवाश्मांचा संच : नमुने उत्तम, चिठ्ठ्या अपुऱ्या

पुण्यात राहून मुलांच्या हातात जीवाश्म द्यायचा, तर तो विकत आणण्यावाचून गत्यंतर नसते. सिंहगडाच्या कड्यात एकावर एक रचलेले आडवे थर दिसतात खरे, पण ते लाव्ह्याचे आहेत, जीवाश्म जपणाऱ्या गाळाचे नव्हेत. नववीच्या वर्गात भूगोल शिकवताना हा घोटाळा दरवर्षी होतो. म्हणून यंदा मी शहराच्या मध्यवस्तीतील खडक-खनिजांच्या एका दुकानातून आठ नमुन्यांचा संच 2800 रुपयांना घेतला आणि चार महिने वर्गात वापरला.

संचाचे खरे मोल त्यातल्या दोन नमुन्यांत आहे : मोरोक्कोचा गोनियाटाइट आणि मादागास्करचा अमोनाइट. दोन्ही एकाच कुळातले, शंखात कप्पे करून राहणारे समुद्री प्राणी. गंडकीच्या पात्रातल्या शाळिग्रामात जे चक्र दिसते, तेही याच कुळाचे. हे सांगितले की घरच्या देव्हाऱ्यातला शाळिग्राम आठवून मुले पुढे सरसावतात. कप्प्यांचे पडदे शंखाच्या भिंतीला जिथे मिळतात तिथे एक रेघ उमटते, आणि ही रेघ दोन्ही नमुन्यांवर नुसत्या डोळ्यांनी पाहता येते. गोनियाटाइटवर ती साधी नागमोडी आहे. अमोनाइटवर तीच रेघ कोथिंबिरीच्या पानाच्या कडेसारखी बारीक कातरलेली आहे. पहिला प्राणी डेव्होनियन काळातला, म्हणजे सुमारे 36 कोटी वर्षांहून जुना, आणि दुसरा त्यानंतर फार उशिराच्या क्रेटेशियस काळातला. एकाच कुळात काळाच्या ओघात किती बदल होत गेला, हे दोन्ही तळहातांवर दोन दगड ठेवून दाखवता येते. मधल्या ट्रायासिक काळातला सेराटाइट मात्र संचात नाही, ही मोठी उणीव आहे. त्याची रेघ अर्धी गुळगुळीत आणि अर्धी दातेरी असते, आणि तो मध्ये ठेवला असता तर मला फारसे बोलावेही लागले नसते.

माझी मुख्य तक्रार चिठ्ठ्यांविषयी आहे. प्रत्येक नमुन्याखाली नाव आणि देश एवढेच छापलेले आहे. कोणत्या थरातून, कोणत्या काळातला, हे कुठेही नाही. वर लिहिलेले काळ मला दुकानदारांना फोन करून मिळवावे लागले. त्यांनी आपुलकीने सगळे सांगितले, म्हणजे माहिती त्यांच्यापाशी होती; ती चिठ्ठीवर मात्र आली नाही. जीवाश्म आपल्या थरापासून तुटला की त्याचा निम्मा अर्थ गेला. ग्लॉसोप्टेरिस या नामशेष झाडाच्या पानाखाली नुसते ‘भारत’ असे लिहिले, तर ते पान पर्मियन काळात गोंडवन या दक्षिणेकडच्या प्राचीन महाखंडावर वाढलेल्या जंगलांचे आहे आणि आपल्या चंद्रपूरकडचा दगडी कोळसा त्याच जंगलांचा आहे, हे मुलांना कसे कळावे?

सोबतच्या पुस्तिकेत तर एक चूकच आहे. थरांचे वय उत्क्रांतीवरून ठरवतात, असे तिच्यात म्हटले आहे. घडले ते उलट. खालचा थर आधीचा, वरचा नंतरचा, हे डेन्मार्कचा शास्त्रज्ञ स्टेनो याने 1669 मध्ये मांडले. कालव्यांसाठी मोजणी करताना प्रत्येक थरात ठरावीक जीवाश्म ठरावीक क्रमानेच सापडतात, हे इंग्लंडमधील मोजणीदार विल्यम स्मिथच्या ध्यानात आले आणि त्याने 1815 मध्ये आपला भूवैज्ञानिक नकाशा प्रसिद्ध केला. डार्विनचा उत्क्रांतीवरचा ग्रंथ आला 1859 मध्ये. थरांचा क्रम आधी लागला, त्याचे कारण नंतर उमगले. वर्षांचे आकडे तर त्याहूनही पुढे, थरांमधल्या ज्वालामुखीच्या राखेतील किरणोत्सारी मूलद्रव्ये मोजल्यावर मिळाले. नववीच्या मुलांना हा क्रम उलटा शिकवला गेला, तर पुढे तो सुधारणे फार अवघड जाते.

आणखी एक गोष्ट ग्राहकांनी ध्यानात ठेवावी. संचातला ट्रायलोबाइट, म्हणजे कवचधारी नामशेष समुद्री प्राणी, मी दहापट भिंगाखाली धरला, तेव्हा त्याच्या पाठीवर हवेचे बारीक बुडबुडे दिसले. तो राळेचा साचा, म्हणजे साच्यात राळ ओतून केलेली नक्कल निघाला. दुकानदारांनी कुठलाही वाद न घालता दुसऱ्याच दिवशी अस्सल नमुना बदलून दिला, आणि त्याबद्दल त्यांचे आभार मानायलाच हवेत. तरीही साच्यावर ‘साचा’ असे लिहिलेले हवे. घेताना भिंग सोबत न्यावे.

नमुने अस्सल असतील, तर किंमत वाजवी वाटते. पेटीत ते आकारानुसार मांडलेले होते. मी ते काळानुसार लावले, सर्वांत जुना तळाच्या कप्प्यात, आणि सर्वांत वर शाळेमागच्या टेकडीवरचा बेसाल्टचा तुकडा ठेवला. सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी अमोनाइट जगातून नाहीसे झाले, त्याच सुमारास दख्खनवर हा लाव्हा पसरत होता. आता मुले पेटी उघडली की आधी तो काळा दगड उचलतात.