घरातला पोर्ट्रेट स्टुडिओ : एक पावसाळा काढल्यानंतर

गोव्यातल्या म्हार्दोळच्या आमच्या जुन्या घरातली पुढची खोली पोर्ट्रेटसाठी लावली त्याला बरेच महिने झाले. मधे अख्खा पावसाळाही गेला, म्हणून आता लिहायला हरकत नाही. 'लाइट कुठला घेऊ?' असं कुणी विचारलं की मी आधी टेपने खोली मोजायला सांगतो.

आमची खोली १८ फूट लांब. फुल फ्रेम (३५ एमएम फिल्मएवढा सेन्सर असलेल्या) कॅमेऱ्यावर ८५ एमएमच्या लेन्सने डोकं-खांदे झोकात येतात. उभा माणूस पायापर्यंत घ्यायचा तर त्याच लेन्सला साधारण १७ फूट अंतर लागतं, शिवाय माणसाच्या मागे पडद्यापर्यंत पाच फूट. म्हणजे फोटोग्राफर अंगणात! तेव्हा ५० एमएम लावतो, दहा फुटांत भागतं.

मागचं अंतर मात्र खाऊ नका. ऑक्टा (अष्टकोनी सॉफ्टबॉक्स, म्हणजे फ्लॅशचा प्रकाश मऊ करणारी कापडी पेटी) चेहऱ्यापासून तीन फुटांवर आणि पडदा त्याच लाइटपासून नऊ फुटांवर असला, तर पडद्यावर प्रकाश पोचतो चेहऱ्याच्या नवव्या हिश्शाएवढा. साधा राखाडी कपडा जवळजवळ काळा दिसतो. जत्रेच्या नाटकातले कलाकार मेकअप-वेशात फोटो काढायला येतात, त्यांना हाच गडद पडदा आवडतो. पासपोर्टवाल्यांना पांढरी भिंत पुरते.

जुन्या घराचे फायदे आहेत. कौलारू छप्पर उंच, त्यामुळे लाइट हवा तेवढा वर जातो. शिंपल्यांची तावदानं असलेली खिडकी तर फुकटचा सॉफ्टबॉक्स. सकाळच्या वेळी म्हाताऱ्या माणसांचे चेहरे मी तिथेच घेतो, फ्लॅश लावतच नाही. डोकेदुखी आहे ती लाल सिमेंटच्या घोटीव जमिनीची. पांढरं लुगडं नेसलेली एक आजी बसली होती. हनुवटीखाली आणि पदराच्या निऱ्यांवर चक्क गुलाबी छटा! व्हाइट बॅलन्सने (कॅमेऱ्यातल्या रंगदुरुस्तीने) ती जात नाही, कारण बाकीचा चेहरा बरोबर असतो. खुर्चीखाली आणि पुढे राखाडी सतरंजी अंथरली, प्रश्न मिटला.

पडद्यासाठीच्या कागदी रोलबद्दल लोक भरभरून बोलतात. कोरड्या हवेत असेलही छान. इथे जूनमध्ये त्याला लाटा आल्या आणि त्या प्रत्येक फोटोत दिसत होत्या. गोव्यात कपडाच घ्या, जाड आणि बिनचमकीचा. स्टँडचे स्क्रू गंजतात, त्यांना अधूनमधून तेलाचं बोट लावावं लागतं. लेन्ससाठी ड्राय कॅबिनेट, म्हणजे आतली हवा कोरडी ठेवणारं कपाट, ही चैन नव्हे. आर्द्रता ४० ते ५० टक्क्यांवर ठेवली की बुरशीची धास्ती राहत नाही. एसीच्या खोलीतून लेन्स थेट बाहेर काढली तर काच धुरकटते, गिऱ्हाईक ताटकळतं.

फ्लॅश बॅटरीवरचा, २०० वॅट-सेकंद ताकदीचा. एवढ्या खोलीला भरपूर, आणि पावसात वीज गेली तरी काम थांबत नाही. त्याचा मॉडेलिंग लाइट (सावली आधीच दाखवणारा सततचा दिवा) मात्र अगदीच मिणमिणता, दिवसा सावली कुठे पडतेय ते कळतच नाही. थर्माकोलच्या शीटची एक बाजू काळी रंगवून घेतली, पांढरी बाजू सावली उजळायला आणि काळी ती गडद करायला चालते. विकतच्या रिफ्लेक्टरची घडी तेव्हापासून उघडलेली नाही.

दुसरा फ्लॅश घ्यायचा विचार गणेश चवथीनंतर. त्याआधी एक कौल बदलायचं आहे, गळती नेमकी लाइट-स्टँडच्या जागी आहे.