लाइन जाणाऱ्या गावात: माळ्यावरचा पीएस-२ की नव्या मशिनीवर परत आलेले जुने गेम?

आमच्या यवतमाळकडच्या दारव्हा-आर्णी भागात हा प्रश्न विचारणारे बहुतेक तिशी ओलांडलेले असतात. माळ्यावर कापडात गुंडाळलेला पीएस-२, म्हणजे सोनीची टीव्हीला जोडायची जुनी गेम मशीन प्लेस्टेशन-२, असतो. तो खाली काढून डिस्क वाचणारी लेन्स बदलावी, की सेकंड-हँड पीएस-४ (जमलं तर पीएस-५) घेऊन तेच जुने गेम नव्यानं आलेत ते खेळावेत? मी दोन्ही करून पाहिलंय, दोन्ही मशिनी अजून घरात आहेत. प्रोसेसर आणि पिक्सेलचं इथं काही सांगत नाही. ज्याला हा प्रश्न पडतो त्याला ते पाठच असतं.

जुन्या मशिनीचा मोठा गुण म्हणजे ती तुम्हाला काही विचारत नाही. डिस्क टाकली, बटन दाबलं, गेम सुरू. अकाउंट नाही, पासवर्ड नाही, अपडेट नाही. रोजच्या दोन जीबीच्या पॅकवर ज्याचं घर चालतं त्याला यात काय सुख आहे ते वाय-फाय असलेल्या शहरातल्या मित्राला पटवणं अवघड जातं. दुसरा गुण विजेचा. स्लिम पीएस-२ आणि लहानसा टीव्ही इन्व्हर्टरवर निवांत चालतात. पीएस-५ खेळताना २०० वॅटच्या आसपास ओढतो, टीव्हीचे वेगळे. म्हणजे उन्हाळ्यात लाइन गेली की घरच्यांचा पंखा आणि तुमचा गेम यांच्यात सरळ भांडण. त्यात कोण हरतं ते विचारू नका.

पण पीएस-२ बनणं २०१३ च्या सुरुवातीलाच बंद झालं. आज नागपुरात सीताबर्डीत फिरून जी लेन्स मिळेल ती एखाद्या मेलेल्या मशिनीतून काढलेली, नाहीतर नक्कल. आणि आपल्याकडे लेन्सचा खरा शत्रू घरातच असतो. भाव वाढेल म्हणून खोलीत कापूस भरून ठेवला की त्याचे तंतू कुठं कुठं शिरतात ते कपाटातल्या कपड्यांना विचारा. शिवाय पिवळी-लाल-पांढरी वायर नव्या एलईडी टीव्हीला लावली की चित्र पुसट होतंच, वर बटन दाबणं आणि पडद्यावर उडी पडणं यात फट जाणवते. किती मिलिसेकंदांची ते माझ्याकडे मोजायला काही नाही, पण अंगठ्याला कळते. तीच मशीन जुन्या जाडजूड डबा टीव्हीवर लावली की अंगठा शांत. म्हणजे पीएस-२ जपायचा तर डबा टीव्हीही जपा, आणि तो दुरुस्त करणारा मेकॅनिकही.

एका बाबतीत मात्र जुन्या मशिनीला तोडच नाही. जे गेम कधी परत आलेच नाहीत, ते फक्त तिच्यावरच आहेत. २००९ मध्ये पीएस-२ साठी 'देसी अड्डा' नावाची डिस्क आली होती, तिच्यात गिल्ली-दांडा आणि कबड्डी होती. त्याच वर्षी हैदराबादेत बनलेला 'हनुमान: बॉय वॉरियर' आला. गेम म्हणून दोन्ही बेताचेच, पण ते नव्यानं काढायला कोण बसलंय? अमेरिकेतल्या व्हिडिओ गेम हिस्ट्री फाउंडेशननं २०२३ मध्ये पाहणी केली, तेव्हा तिथं २०१० पूर्वी निघालेल्या गेमपैकी ८७ टक्के बाजारात विकतच मिळत नाहीत असं निघालं. उलट 'द लास्ट ऑफ अस' २०१३ ला आला, २०१४ ला पुन्हा आला, २०२२ ला तिसऱ्यांदा आला. 'स्कायरिम'ची तर मोजदादच सोडा. ज्याचं आधीच पोट भरलंय त्यालाच आणखी एक पोळी, असा हा कारभार आहे. त्यामुळे 'जुने गेम परत आणून कंपन्या वारसा जपतात' असं कोणी म्हटलं की मला हसू येतं. जे विकतं तेच त्या जपतात.

परत आणतानाही धड आणतील याची खात्री नाही. २०२१ च्या नोव्हेंबरात जीटीए या गाड्या-गुन्हेगारीच्या मालिकेतल्या तीन जुन्या गेमची ('व्हाइस सिटी' आणि 'सॅन अँड्रियास' त्यातलेच) नवी आवृत्ती 'डेफिनिटिव्ह एडिशन' आली, तेव्हा पावसाच्या पांढऱ्या रेघांत रस्ता दिसेना, माणसांचे चेहरे बिघडलेले, आणि तो काढणाऱ्या रॉकस्टार कंपनीला काही दिवसांतच जाहीर माफी मागावी लागली. पुढं दुरुस्त्या झाल्या, २०२४ च्या नोव्हेंबरातल्या अपडेटनं बरंच सावरलं. पण गाणी गेली ती गेलीच. गाण्यांचे परवाने मुदतीचे असतात. मुदत संपली की नव्या प्रतीतून ते गाणं काढतात, जुन्या डिस्कमध्ये ते तसंच राहतं. 'व्हाइस सिटी'त रात्री गाडी चालवताना रेडिओवर जे लागायचं ते आठवणाऱ्याला ही उणीव खटकणारच. मलाही खटकते.

एवढं ऐकल्यावर वाटेल की माझा कौल माळ्यावरच्या मशिनीला आहे. पण माझं ठरलं ते एकाच कटकटीमुळे, आणि ती ग्राफिक्सची नाही, गाण्यांचीही नाही. सेव्ह, म्हणजे खेळ कुठवर आला त्याची नोंद, कुठं होतं, एवढीच ती कटकट आहे.

पीएस-२ वरचा 'सॅन अँड्रियास' घ्या. सेव्ह करायचं तर सेफहाउसवरच, म्हणजे गेममधल्या आपल्या घरीच, जायचं. मिशनमध्ये मेलं तर दवाखान्याच्या दारात उभं राहायचं, गाडी शोधायची, जिथून मिशन मिळतं तिथवर परत जायचं. ट्रेनमागे बाइक पळवायचं ते मिशन आपल्या पिढीत कोणाला आठवत नाही? ते एकदाचं जमतं, पोट्टे ओरडतात, आता सेफहाउसकडे गाडी वळवायची, आणि तेवढ्यात डीपीवर (गावच्या ट्रान्सफॉर्मरवर) काहीतरी फुटल्याचा आवाज येतो. "गेली बे लाइन!" कोणीतरी अंधारात म्हणतं. सेव्ह ज्यावर राहतं त्या मेमरी कार्डावर काय आहे? दुपारचा सीजे, म्हणजे गेमचा हिरो, ज्यानं ती ट्रेन अजून पाहिलेलीच नाही. इन्व्हर्टर आहे ना, असं म्हणाल. आहे. पण साध्या मोडवरचा इन्व्हर्टर लाइनवरून बॅटरीवर जाताना जो झटका देतो तेवढ्यात मशीन बंद पडून पुन्हा सुरू होते. बटन यूपीएस मोडवर ठेवलं तर बहुतेक वेळा तगते. बहुतेक वेळा. दिवसभर व्होल्टेज कमी असलं आणि बॅटरीच अर्धी असली तर तेही नाही.

बरं, लाइन जाण्याचंच एक दुखणं असतं तर सोसलं असतं. आपल्याकडे लाइन आली तरी खेळ थांबतो. शेतीच्या फिडरला रात्रीची पाळी असते. ओलिताचे दिवस, हरभऱ्याला पाणी द्यायचंय, आणि दहाच्या सुमाराला वावरातून फोन येतो की लाइन आली, मोटर टाका. त्या वेळी 'थांबा, सेव्ह पॉइंट येऊ द्या' असं कोणाला सांगता? मी सांगून पाहिलंय. बाबांचं उत्तर इथं छापण्यासारखं नाही. पॉज करून जावं तर परत येईपर्यंत घरची लाइन गेलेली. जुने गेम ज्यांनी बनवले त्यांच्या डोळ्यासमोर ज्या घरात संध्याकाळ सलग मिळते असं घर असावं. आमच्या संध्याकाळींचे तुकडे असतात.

आता तोच गेम डेफिनिटिव्ह एडिशनमध्ये. मिशन फसलं की तिथूनच पुन्हा सुरू करता येतं, आणि मिशन पार झालं की गेम स्वतःच सेव्ह करून ठेवतो. त्या पावसाबद्दल, त्या चेहऱ्यांबद्दल जगानं जे म्हटलं ते मला मान्य आहे. तरी माझा 'सॅन अँड्रियास' पहिल्यांदा शेवटापर्यंत गेला तो याच बदनाम आवृत्तीत.

'क्रॅश बँडिकूट'चंही तसंच. १९९६ च्या मूळ गेममध्ये बोनसची फेरी पूर्ण केल्याशिवाय नाहीतर हिरा मिळाल्याशिवाय सेव्हच नव्हतं. २०१७ च्या 'एन. सेन ट्रिलॉजी'त ते आपोआप होतं. नव्या क्रॅशची उडी मात्र वेगळी आहे, कड्याच्या टोकावरून तो घसरतो, आणि बनवणाऱ्यांनीही फरक असल्याचं मान्य केलं होतं. जुना हात बसलेल्याला पहिले काही दिवस चीड येते. 'रेसिडेंट इव्हिल ४' मध्ये २००५ ला सेव्ह करायचं ठिकाण म्हणजे टाइपरायटर, तो सापडेपर्यंत जीव मुठीत. २०२३ च्या रिमेकमध्ये, म्हणजे नव्यानं बनवलेल्या आवृत्तीत, टाइपरायटर आहेच, पण नेहमीच्या अवघडपणाच्या लेव्हलला गेम अधूनमधून स्वतःही सेव्ह करतो. 'फायनल फँटसी १२' २०१७ मध्ये परत आला तेव्हा एका भागातून दुसऱ्या भागात जाताना ऑटोसेव्ह, शिवाय खेळाचा वेग वाढवायची सोय. तिथं तर मला नवा गेम आणि जुना गेम यांची तुलनाच करावीशी वाटत नाही. जुन्यात मी फक्त चालत होतो.

म्हणून गेम परत आल्यानं खेळणाऱ्याचा फायदा होतो का, याला माझं उत्तर 'होतो', पण सगळ्या गेमचा नाही. चित्र चकचकीत केलं आणि सेव्हची रीत तीच ठेवली, तर आपल्याकडे पैसे घालवण्यात अर्थ कमी. कधी कधी तर तेवढंही करत नाहीत. २०२२ मध्ये सोनीनं आशियात सबस्क्रिप्शनवर पीएस-१ चे गेम दिले, त्यांतले बरेच युरोपातल्या टीव्हीच्या पाल पद्धतीच्या ५० हर्ट्झच्या प्रती निघाल्या, म्हणजे अडखळत, काही तर संथ चालणाऱ्या. ओरड झाल्यावर ६० हर्ट्झच्या प्रती जोडायला सुरुवात झाली. आणि काही गेम नुसतेच 'येणार, येणार' असतात. 'प्रिन्स ऑफ पर्शिया: द सँड्स ऑफ टाइम'चा रिमेक २०२० मध्ये जाहीर झाला तेव्हा तो युबिसॉफ्टच्या पुणे-मुंबईच्या स्टुडिओंत बनत होता. आपल्या राज्यात बनतोय याचं मला फार अप्रूप होतं. २०२२ मध्ये काम माँट्रियलकडे गेलं, आणि २०२६ च्या जानेवारीत तो रद्दच झाला. वाळूच्या चमकत्या भोवऱ्याशीच सेव्ह होणारा २००३ चा मूळ गेम त्यामुळे मी आजही पीएस-२ वरच खेळतो, आणि निदान एवढ्यासाठी तरी ती मशीन मी विकणार नाही.

ज्याचं घर गावठाणात आहे, लाइन टिकते, डबा टीव्ही शाबूत आहे, त्यानं माळ्यावरचाच काढावा, मी अडवणार नाही. बाकीच्यांनी माझ्या मते सेकंड-हँड पीएस-४ बघावा, पीएस-५ ची घाई नको. विजेचाही विचार करा. पीएस-५ घेणारच असाल तर डिस्क ड्राइव्हवालाच घ्या, कारण डाउनलोडवर आपलं भागत नाही. डिस्क घेतानाही डोळे उघडे ठेवा. 'स्पायरो रिइग्नायटेड ट्रिलॉजी'च्या २०१८ च्या पीएस-४ डिस्कवर तीन गेमचं नाव आहे, पण दुसरा आणि तिसरा नेटवरून उतरवावा लागतो. डब्याच्या मागे बारीक अक्षरात 'डाउनलोड आवश्यक' असं काही लिहिलंय का ते वाचा, आणि विकणाऱ्याला म्हणा, भाऊ, नेट बंद कर आणि गेम चालू करून दाखव.