लिव्हरपूलची उन्हाळी खरेदी: अर्धा सीझन वापरल्यानंतर

इंग्लंडच्या लिव्हरपूल या फुटबॉल क्लबने 2025च्या उन्हाळ्यात केलेल्या खेळाडूंच्या खरेदीचा रिव्ह्यू सप्टेंबरमध्येच लिहून मोकळे झालेले लोक पुष्कळ आहेत. प्रीमियर लीगमधले पहिले पाचही सामने जिंकलेले, टेबलात पहिला नंबर, आणि नवा स्ट्रायकर इसाक तर अजून धड खेळलाही नव्हता. पाच तारे देऊन सगळे निवांत झोपले. पण ते विजय बघताना पोटात गोळा येत होता. न्यूकॅसलविरुद्ध 16 वर्षांच्या रिओ एन्गुमोहाचा शंभराव्या मिनिटाचा गोल, बर्नलीविरुद्ध 95व्या मिनिटाला पेनल्टी. चॅम्पियन संघ रोज असा शेवटच्या क्षणाला वाचत नसतो. आता 2025चा डिसेंबर संपत आलाय, तेव्हा बोलू.

आधी बिल. चारशे दशलक्ष पौंडांच्या वर. मिडफिल्डर विर्ट्झ 100 दशलक्ष, अटी पूर्ण झाल्या तर 116. इसाक 125, म्हणजे ब्रिटिश फुटबॉलमधला विक्रम. स्ट्रायकर एकिटिके 69 आणि वरचे बोनस, लेफ्ट-बॅक केरकेझ 40, राइट-बॅक फ्रिम्पाँग तीसच्या आसपास, सेंटर-बॅक (बचावाच्या मध्यातला खेळाडू) लिओनी 26. दुसऱ्या दाराने राइट-बॅक ट्रेंट अलेक्झांडर-आर्नोल्ड रेआल माद्रिदला गेला, लुईस दियाझ बायर्नला, नुन्येझ अल-हिलालला, क्वान्साह लेव्हरकुसेनला. आणि हे सगळं कुठल्या संघात? ज्याने 84 गुण घेऊन, दहा गुणांच्या फरकाने, चार सामने शिल्लक असतानाच लीग जिंकली होती.

संघाचा फॉरवर्ड दियोगो जोटा या हिशेबात येत नाही. 3 जुलैला तो आणि त्याचा भाऊ अपघातात गेले. क्लबने 20 नंबर कायमचा निवृत्त केला, आणि विसाव्या मिनिटाला त्याचं गाणं आजही होतं. खेळाडूंनी तो उन्हाळा कसा काढला असेल, हे बाहेरून कुणी मोजू नये. संघाच्या खराब फॉर्मवर तावातावाने बोलणाऱ्यांना एवढं भान असलं तरी पुरे.

आता माझा मुद्दा. सगळे कोण आलं ते बघत बसले; संघ बदलला तो कोण गेलं त्यामुळे, आणि त्यातही एकाच्या, ट्रेंटच्या, जाण्यामुळे.

गेल्या सीझनला उजव्या विंगवरच्या सलाहचे लीगमध्ये 29 गोल आणि 18 असिस्ट (गोलआधीचा पास) होते. त्यातला किती भाग उजव्या बाजूच्या सलाह-ट्रेंट जोडीचा होता, हे आता कळतंय. ट्रेंट चेंडू घेताना मान वर करायचाच नाही, कारण सलाह कुठे आहे हे त्याला आधीच ठाऊक असायचं. समोरचा लेफ्ट-बॅक वळायच्या आत चेंडू त्याच्या डोक्यावरून मागच्या मोकळ्या जागेत पडलेला असायचा आणि सलाह धावतच तिथे पोचायचा. आता बघा: सलाहला चेंडू मिळतो तो पायात, गोलकडे पाठ, अंगावर दोघे. तो एक-दोनदा वळायला बघतो आणि चेंडू मागे देतो. वय झालं, वेग गेला असं सगळे म्हणतात. थोडं असेलही, पण पुरवठा बंद झाल्यावर दुकान रिकामंच दिसणार.

ट्रेंटच्या जागी आलेला फ्रिम्पाँग पहिल्याच लीग सामन्यात मांडीचा स्नायू दुखावून बाहेर गेला. तो मुळात धावणारा विंगबॅक आहे, पास देणारा नाही. मग ब्रॅडली, सोबोस्लाय, जोन्स, जो मोकळा सापडेल तो राइट-बॅक. सोबोस्लायने तिथे खेळूनही आर्सेनलविरुद्ध ती अफलातून फ्री-किक मारली. सीझनमधला सर्वोत्तम खेळाडू कोण विचाराल, तर तोच. आणि त्याच्यासाठी या उन्हाळ्यात एक पेनीही खर्च झालेली नाही!

दुसरं भगदाड सेंटर-बॅकचं. क्वान्साह विकला, आणि क्रिस्टल पॅलेसच्या सेंटर-बॅक मार्क गेहीचा सौदा 1 सप्टेंबरला, मेडिकल झाल्यावर, पॅलेसने मोडला. लिओनीचा गुडघा पहिल्याच सामन्यात गेला. मग जुन्या सेंटर-बॅक कोनातेचा फॉर्म कितीही गडगडला तरी त्यालाच खेळवायचं. लीड्सविरुद्ध 2-0 पुढे असताना त्याने नको तिथे पाय घालून पेनल्टी दिली आणि सामना 3-3 सुटला. सव्वाशे दशलक्षाचा स्ट्रायकर परवडतो, पण तिसरा भरवशाचा सेंटर-बॅक नाही, हे गणित मला अजून सुटलेलं नाही.

या दोन भोकांतून पाणी शिरलं ते सप्टेंबरअखेर. बारा सामन्यांत नऊ पराभव. मँचेस्टर युनायटेड आमच्या घरच्या ॲनफिल्ड मैदानावर जिंकून गेलं, 2016 नंतर पहिल्यांदा. मँचेस्टर सिटीकडून 0-3, घरी नॉटिंगहॅम फॉरेस्टकडून 0-3, घरीच पीएसव्हीकडून 1-4. समोरच्यांना नुस्खा सापडला होता: लांब चेंडू टाका, लांब थ्रो टाका, उसळून मोकळा झालेला दुसरा चेंडू उचला. दियाझ असता तर परत धावत येऊन त्यातले निम्मे चेंडू त्याने हिसकावले असते. त्याच्या गोलांपेक्षा ही फुकटची मजुरी जास्त आठवते.

मग सलाह बाकावर बसला. लीड्सनंतर त्याने मुलाखतीत थेट क्लबवर आरोप केले आणि इंटर मिलानविरुद्ध त्याला संघातच घेतलं नाही. प्रशिक्षक स्लॉटने बाकावर बसवलं ते बरोबरच होतं असं माझं मत. सलाहने जे बोलून दाखवलं ते मात्र बंद दाराआड व्हायला हवं होतं, दोन्ही बाजूंनी.

नव्यांमध्ये एकिटिके निर्विवाद पहिला. साउदॅम्प्टनविरुद्ध गोल करून शर्ट काढला आणि दुसऱ्या पिवळ्या कार्डावर बाहेर गेला, तो वेडेपणा सोडा. ब्रायटनविरुद्ध 46व्या सेकंदाला चेंडू उसळून समोर आला आणि त्याने तो खाली पडायचीही वाट न बघता जाळ्यात घातला. असा स्ट्रायकर हाताशी असताना इसाकवर विक्रम मोडायची गरज होती का, हा प्रश्न तेव्हाच विचारायला हवा होता. इसाक बिचारा सराव न करता आला, फिटनेस कमवता कमवता नोव्हेंबर गेला, आणि टॉटनहॅम स्पर्सविरुद्ध विर्ट्झच्या पासवर गोल करतानाच पाय मोडून घेतला.

विर्ट्झला लोकांनी फार लवकर सोलून काढलं. लीगमधले आकडे शून्य होते, खरं आहे. पण त्याला दहा नंबरवर (स्ट्रायकरच्या मागे), डावीकडे, मधल्या फळीत असं गरागरा फिरवलं, तर ओळखी कुणाशी व्हायच्या? मैदानात मधे चौघे दाटीने खेळायला लागल्यापासून त्याला जवळ माणसं मिळतात, आणि तो जवळच्या माणसांचा खेळाडू आहे. 27 डिसेंबरला वुल्व्ह्जविरुद्ध लीगमधला पहिला गोल आला, तोही एकिटिकेच्या पासवर. दोघांचं जमतंय. केरकेझ सुधारतोय, पण त्याच्या मागची जागा अजून उघडी असते.

तारे द्यायचेच तर तीन. सलग सात सामने हरलेलो नाही, म्हणून अडीचचे तीन केले. विर्ट्झ आणि एकिटिके पुढची पाच वर्षं टिकणारे आहेत, इसाकबद्दल तो परत उभा राहिल्यावर बोलू. जानेवारीत मात्र पुन्हा एखादा चकचकीत फॉरवर्ड आणला तर माझ्याकडून तारा कापला जाईल. सेंटर-बॅक आणा, आणि पास देता येणारा राइट-बॅक.