मतदानानंतरचा हिशेब : शरणपूर रोडवरील एका कर सल्लागार कार्यालयाची सेवा

2024 च्या विधानसभा निवडणुकीत माझे मामा नाशिक शहरातील एका मतदारसंघातून अपक्ष उभे होते आणि त्यांचा खर्च लिहिण्याचे काम माझ्याकडे होते. 20 नोव्हेंबरला मतदान संपले, तेव्हा मी वही मिटलीच होती. ती आमच्या कर सल्लागारांनी पुन्हा उघडायला लावली, कारण लोकप्रतिनिधित्व कायदा, 1951 च्या कलम 77 प्रमाणे उमेदवारी अर्ज भरल्याच्या दिवसापासून निकालाच्या दिवसापर्यंतचा, म्हणजे 23 नोव्हेंबरपर्यंतचा, खर्च हिशेबात यावाच लागतो.

मतमोजणी प्रतिनिधींचा नाश्ता आणि गाडीभाडे यांची बिले सहज मिळाली. खरा प्रश्न ढोल पथकाचा होता. विजयाच्या आशेने, मामांच्या संमतीनेच, निकालाच्या आदल्या दिवशी नाशिक ढोलासाठी विसार दिला गेला होता. मामा हरले, ढोल वाजलाच नाही, मग विसार दाखवायचा कशाला, असे घरात सर्वांचेच म्हणणे पडले. खर्च केला किंवा त्याला मंजुरी दिली, एवढेच कायदा पाहतो, हे सल्लागारांनी न चिडता दोनदा समजावले आणि नोंद करून घेतली. मंडपवाल्याचे थकलेले बिल त्यांनी 'देणे बाकी' म्हणून दाखवले. ते दहा हजारांहून अधिक असल्याने रोखीने न देता निवडणुकीसाठी उघडलेल्या बँक खात्यातूनच द्यायला सांगितले.

पराभूत उमेदवारालाही निकालापासून 30 दिवसांत जिल्हा निवडणूक अधिकाऱ्यांकडे हिशेब द्यावा लागतो आणि सबळ कारणाशिवाय तो न दिल्यास आयोग तीन वर्षांसाठी अपात्र ठरवू शकतो, हेही मामांना त्यांनीच पटवले. ताळमेळ बैठकीत आमची नोंदवही प्रशासनाच्या छाया नोंदवहीशी, म्हणजे उमेदवाराच्या खर्चाची प्रशासनाने स्वतंत्रपणे ठेवलेल्या नोंदीशी, पडताळली गेली, तेव्हा खुर्च्यांच्या भाड्यात तफावत निघाली. सोबत आलेल्या त्यांच्या सहायकाने मूळ बिल लगेच पुढे ठेवले. एवढी तयारी मी अन्यत्र पाहिलेली नाही.

तक्रार एकच आहे. शुल्क आधी लेखी सांगितले नव्हते आणि शपथपत्राचा खर्च शेवटी वेगळा लावला गेला. ही बाब त्यांनी जरूर सुधारावी.

हिशेब 20 डिसेंबरला दाखल झाला आणि त्याची पोच त्याच संध्याकाळी त्यांनी मामांच्या हाती आणून दिली.